तांब्याचा बेडूक

मांडवी, रत्नागिरी
८ जून २०२५

वेदू,

तुझा आयर्लंडचा पत्ता नम्रताकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. शाळेपासूनची मैत्रीण तुझी, तिने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी तिच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसून राहिलो, तेव्हा कंटाळून लिहून दिला. फोनवर तू मला बंद केलं आहेस. सव्वा वर्ष झालं, मी आता लावून बघायचंही सोडलं. पत्राचं बरं असतं, नको असलं तर फाडता येतं.

फार काही सांगायचं नाही. मासेमारीची बंदी लागली. बोटी वर ओढल्या, त्यामुळे बर्फाला गिऱ्हाईक नाही. कारखान्यात तीनपैकी एकच कॉम्प्रेसर चालू आहे. सकाळी सातला जातो, टाकीची गळती बघतो, पाइपांना रंग लावून घेतो, एक वाजता घरी येतो. मग अख्खी दुपार अंगावर पडते. बाबांची खाट अजून काढलेली नाही. तिच्यावर धुतलेले कपडे टाकतो.

तर बातमी एवढीच की तांब्याच्या बेडकाचा तिसरा भाग आला. खरंच आला. बनवणारे ते दोघे दहा वर्षं गप्प होते, मला वाटलं होतं त्यांनीही नाद सोडला. चित्रं तशीच, मुद्दाम जुन्या टीव्ही गेमसारखी, ठोकळे ठोकळे जोडून केलेली. संगीतही तेच टूं टूं. बेडूक विहिरीच्या तळाशी, आणि वर यायचं. काटे, गायब होणाऱ्या विटा, एक चूक झाली की पुन्हा तळाला. मी तिसरा घेऊन ठेवला, पण उघडला नाही. म्हटलं आधी पहिले दोन पुरे करू. ते आपण कधी पुरे केलेच नव्हते.

गंमत सांगतो. पहिल्या दिवशी दुसरी लेव्हलसुद्धा पार होईना. बोटं जड झाली असतील म्हणून दुसऱ्या दिवशी बसलो, तरी तेच. मग लक्षात आलं की मला उडी मारताच येत नाही. आपल्याकडे एकच जॉयस्टिक होती ना. डावा हात माझा, उजवा तुझा. मी बेडकाला पुढेमागे न्यायचो, उडी तू मारायचीस. चार वर्षं खेळलो, आणि त्या बटणाला माझा अंगठा लागलासुद्धा नव्हता.

आई गेली तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस आणि बाबा जहाजावर. तुझ्या वेण्या घालायला मी शिकलो. उडी मारायला नाही शिकलो.

बाकी त्या फेब्रुवारीबद्दल मी लिहिणार नाही. तुला जे वाटतं ते वाटो. मला तेव्हा जे बरं वाटलं ते मी केलं. लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस.

तिथे थंडी असेल. की आता उन्हाळा?

तुझा दादा


२९ जून २०२५

वेदू,

पहिला भाग संपला. एकवीस दिवस लागले. शेवटी बेडूक विहिरीच्या काठावर येतो, बसतो, आणि आकाशात चार तारे दिसतात. बस. मी थोडा वेळ बघत राहिलो, मग उठून भाताचा कुकर लावला.

दुसरा भाग चालू केला. सदतिसावी लेव्हल तुला आठवत असेल. रहाट फिरत असतो, विटा एक सोडून एक गायब होतात. आपण तिथे थांबलो होतो, तुझं नर्सिंग सुरू झालं होतं तेव्हा.

तुला माहीत नाही, पण त्या लेव्हलला मी नंतरही एकदा बसलो होतो. तू आयर्लंडला गेल्यावर बाबा बरेच खचले. ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरायचं, त्यांना बाहेर पडता येत नव्हतं, टीव्ही नको म्हणायचे. एक दिवस आपणहून म्हणाले, "तुम्ही तो बेडूक खेळायचात, तो लाव रे. बघतो मी." मी लावला. खाटेवर उशीला टेकून ते बघत होते. त्या रहाटावर मी पडलो, परत पडलो, वीसेक वेळा पडलो असेन. बाबा हसले. म्हणाले, "ही उडी बायची. तुला नाय जमायची."

मी कॉम्प्युटर बंद केला. म्हटलं वीज गेली. मशीन चालू होतं, म्हणजे वीज होती, त्यांना कळलं असणारच.

त्यानंतर मी खेळलो नाही. आता परत त्याच जागी येऊन पोचलोय.

काशीराम रविवारी येतो. आमच्या कारखान्यातला, मंडणगडचा, तू त्याला बाबांच्या वाढदिवसाला बघितलं आहेस, पांढऱ्या मिशांचा. पाऊस असल्यावर त्याला खोलीत करमत नाही. चहा घेतो आणि माझ्यामागे बसून बघतो. पहिल्या रविवारी त्याने विचारलं, "ह्यो मरतो किती वेळा?"

म्हटलं, "हव्या तितक्या वेळा."

"आणि तू पैसे देऊन घेतलास हा?"

मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

तुझं पत्र येईल असं मी धरून चाललेलो नाही. पोस्टमनला मात्र विचारतो.

दादा


२० जुलै २०२५

वेदिका,

गेल्या रविवारी झालं ते लिहितो, आणि मग जे लिहिणार नाही म्हणालो होतो तेही लिहितो. उभ्याने वाचू नकोस. ड्यूटीच्या आधी तर वाचूच नकोस.

काशीराम आला होता. मी खेळत होतो, तो बशीत चहा ओतून पीत होता. मध्येच म्हणाला, "दर्शन, एक विचारू? राग नको धरूस."

"विचार."

"डॉक्टर बोलले तेव्हा मी तुज्या बाजूलाच होतो. आठ दिवस नाय काढायचे म्हणाले. तू लगेच फोन करायला बाहेर गेलास. तरी तुजी बहीण का नाय आली? पोरगी तशी वाटत नव्हती. वरीसभर माज्या डोक्यात फिरतंय."

माझ्या हातातला बेडूक पडला. मी परत सुरू केला, परत पडला. मग म्हणालो, "तिला रजा नव्हती."

काशीराम म्हणाला, "असं व्हय," आणि बशी धुवायला गेला. त्याला ते पटलं. मी सांगितलं म्हणून पटलं. तो गेल्यावर मी जॉयस्टिक खाली ठेवली आणि संध्याकाळपर्यंत त्याच खुर्चीत बसून होतो.

गेल्या वर्षीचा तेरा फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी अकराच्या सुमारास डॉक्टरांनी मला आणि काशीरामला बाहेर बोलावलं. म्हणाले, फुप्फुसांत काही उरलेलं नाही, चार दिवस, फार तर आठ. ज्यांना यायचं असेल त्यांना बोलवून घ्या. मी व्हरांड्यात जाऊन तुला फोन लावला. तू वॉर्डमध्ये होतीस, हळू बोलत होतीस. तुझा पहिला प्रश्न होता, "दादा, मी येऊ का? तिकीट बघते, परवापर्यंत पोचेन."

आणि मी म्हणालो, "नको. सुधारतायत. मे महिन्यात ये, आंब्यांना."

तू विचारलंस, "नक्की?"

मी म्हणालो, "नक्की."

तुझा आजवर असा समज असेल की डॉक्टरांनी मला अंधारात ठेवलं, किंवा मला नीट कळलं नाही. बाबांच्या तेराव्याला आत्या तुला फोनवर "बापाला बघायला पण आली नायस" असं बोलली, आणि तू मला विचारलंस की दादा, तू त्यांना सांगितलं नाहीस का मी येत होते म्हणून? मी गप्प बसलो. तेवढ्यावरून तू मला बंद केलंस. खरी गोष्ट तुला माहीतच नाही. मला सगळं कळलं होतं. शब्द न् शब्द कळला होता.

का, ते सांगतो. मला स्वतःला सांगायला सतरा महिने लागले.

तीन वर्षं मी त्यांचं सगळं केलं. अंघोळ, डबा, बेडपॅन, मशीनच्या नळ्या. माझं लग्न राहिलं, त्याचं मला फार वाटत नाही. पण ते दिवसभर तुझं नाव घ्यायचे. बायचा फोन आला काय? बायला थंडी सोसते काय? माझ्या हातचा घास गिळता गिळता विचारायचे. मला माहीत होतं की तू दारात उभी राहिलीस की ते माझ्याकडे परत बघणार नाहीत. ते शेवटचे आठ दिवस मला हवे होते. फक्त मला.

एवढंच आहे, वेदिका. याहून मोठं कारण नाही. मी शोधून बघितलं.

आणखी एक आहे, आणि ते याहून वाईट आहे. गुरुवारी त्यांनी मला विचारलं, "बाय निघाली?" मी म्हणालो, "तिला रजा नाही मिळत." त्यांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "ऱ्हांदे. तिला त्रास नको देऊ." सोमवारी दुपारी साडेतीनला ते गेले. त्या चार दिवसांत त्यांनी तुझं नाव एकदाही घेतलं नाही.

मला जे हवं होतं ते मिळालं. ते माझ्याकडे बघत होते, मीच तिथे होतो ना. पण मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. हे चौथं.

दर्शन


३ सप्टेंबर २०२५

वेदिका,

यातलं थोडं तुला आत्याकडून कळलं असेल. तिने तुला फोन केला हे मला माहीत आहे, पण तू काय म्हणालीस ते तिने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

गणपतीला मालगुंडला आत्याकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, माणसं ओटीवर पानसुपारीला बसली. आत्याच्या घरचे, आणि आपल्या बाबांच्या बाजूचे सगळे. दादूकाका नेहमीसारखे सुरू झाले की हरिश्चंद्रने पोरीला शिकवली, परदेशात धाडली, आणि शेवटी तोंडात पाणी घालायला आली नाय. सगळ्यांनी माना हलवल्या. दीड वर्षं मी अशा वेळी पाणी प्यायला उठायचो.

या वेळी बसून राहिलो. म्हणालो, "ती येणार होती. मी येऊ दिली नाही."

दादूकाका म्हणाले, "म्हंजे?"

मी सांगितलं. तुला लिहिलं होतं तेवढंच, तसंच. आवाज बरा लागला. आत्या आतून ताटं पुसत पुसत आली होती, दारातच उभी होती. तिने ताट खाली ठेवलं.

"माज्या भावाला तू काय सांगितलंस मरताना?"

"रजा नाही, असं."

"आणि त्याला ता खरा वाटला?"

"हो."

ती माझ्याजवळ आली. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दीड वरीस मी त्या पोरीला शिव्या घातल्या. माज्या तोंडून घातल्या. तू हितंच बसून ऐकत होतास रे, मेल्या." मग तिला रडू फुटलं. ती आत गेली. थोड्या वेळाने मागच्या पडवीतून तिचं बोलणं ऐकू आलं, "बाय, मी सगुणाआत्या बोलतंय. ठेवू नको गो. ठेवू नको." मी उठून चपला घातल्या आणि एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. गौरींनाही थांबलो नाही. मला कोणी थांब म्हणालं नाही, ते बरोबरच होतं.

काशीरामलाही सांगितलं. तो आता रविवारी येत नाही. कारखान्यात बोलतो, कामापुरतं.

बोटी सुटल्यापासून काम फार आहे. दिवसाला बर्फाच्या पाचशे लाद्या निघतात, अंग मोडून येतं. फक्त रविवारी दुपारी खेळतो. सदतिसावी लेव्हल पार झाली. कशी ते विचारशील तर काही युक्ती नाही. वीट गायब व्हायच्या आधी उडी मारायची नसते, वीट गायब होताना मारायची असते. माझी चूक ती होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे पार झालं की छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. पाठ दुखत होती. अडतिसावी सुरू झाली.

दर्शन


१९ ऑक्टोबर २०२५

वेदिका,

दुसरा भाग संपला. तिसरा उघडला आहे. कठीण आहे, आणि मी थकलोय.

आत्याचा निरोप मिळाला, की तू डिसेंबरात येतेस, मालगुंडला उतरणार, आणि मी स्टेशनवर यायचं नाही. येणार नाही.

दर्शन


११ जानेवारी २०२६

वेदू,

तू समोर होतीस तेव्हा एक गोष्ट बोलता आली नाही, ती लिहितो.

तीस डिसेंबरला दुपारी दोन वाजता तू दारात आलीस. दोन तास आहेत म्हणालीस, रिक्षा थांबवून ठेवली होतीस. तू बारीक झाली आहेस, केस कापले आहेस. मी चहा टाकू का विचारलं तर "नको" म्हणालीस. बाबांच्या खाटेवर माझे कपडे होते, ते तू उचलून खुर्चीवर ठेवलेस आणि खाटेवर बसलीस. टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. बेडूक तळाशी उभा होता.

"तिसरा कसा आहे?" तू विचारलंस.

"कठीण."

"असणारच," म्हणालीस, आणि पाठ फिरवलीस.

मग म्हणालीस, "मंगळवारपासून सांग. सगळं. नर्स म्हणून विचारतेय असं समज." मी सांगत गेलो. ताप किती होता, ऑक्सिजन किती होता, काय खाल्लं, कोण भेटायला आलं, शुक्रवारी पेज मागितली आणि दोन चमचे घेतली, शनिवारी जहाजावरच्या कोणा साथीदाराचं नाव घेत होते. तू मध्ये मध्ये थांबवून तास विचारत होतीस. मला आठवत होते. सगळे आठवत होते.

आणि मग तू विचारलंस, "माझ्यासाठी काही म्हणाले? शेवटी?"

वेदू, वाक्य तयार होतं. सप्टेंबरपासून तयार होतं. तू येणार कळल्यावर मी ते घासूनपुसून ठेवलं होतं. ते म्हणाले, बायला सांग, मी तिच्यावर नाराज नाही. एवढंच. त्यांच्या तोंडी शोभणारं, तुला आयुष्यभर पुरणारं. कोणालाही कधी कळलं नसतं. तुझा चेहरा बघितला तेव्हा ते माझ्या जिभेवर होतं. आणि मला हेही कळत होतं की मे महिन्यात ये, आंब्यांना, हेसुद्धा मी असंच तयार करून, गोड करून सांगितलं होतं.

मी म्हणालो, "नाही. 'तिला त्रास नको देऊ' एवढंच. ते गुरुवारी. पुढे काही नाही."

तू दोन्ही हातांनी तोंड झाकलंस. मी जवळ आलो नाही. जवळ यायचा हक्क मला आहे असं वाटलं नाही. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तू उठलीस, मोरीत जाऊन तोंड धुतलंस. मग परत येऊन खाटेवर बसलीस आणि म्हणालीस, "रविवारचं राहिलं."

मी रविवारचं सांगितलं. मग सोमवारचं, साडेतीनपर्यंत.

जाताना तू म्हणालीस, "माझ्याकडून माफीबिफी धरून चालू नकोस." मी म्हणालो, "नाही धरत." तू पायऱ्या उतरलीस. रिक्षा वळेपर्यंत मी दारात होतो. तू मागे बघितलं नाहीस.

तुला वाटेल, मग त्या वाक्याचं मला का सांगतोस. मला भीती वाटते म्हणून. पुन्हा कधी तू फार थकलेली असशील, मी फार एकटा असेन, आणि मी ते सांगून टाकेन. आता सांगता येणार नाही. तुला माहीत झालं की ते मी रचलेलं आहे.

हे पत्र बुधवारी लिहायला घेतलं होतं, अर्ध्यावर ठेवलं. काल दुपारी कारखान्यात होतो. लादी उतरवत होतो, हात ओले होते, खिशात फोन वाजला. कसाबसा काढला. बाहेरच्या देशाचा लांबलचक नंबर. मी कानाला लावला, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून धावत रस्त्यावर आलो.

"पोचले," तू म्हणालीस, आणि फोन ठेवलास.

मी रस्त्यातच उभा होतो. काशीराम मागून आला. त्याने विचारलं, "कोण?" मी सांगितलं.

तो म्हणाला, "बरं झालं," आणि आम्ही दोघं लाद्या उतरवायला आत गेलो.

दादा